परवान्यावरचे नाव

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मी गेली वीस वर्षे शिकवीत आहे. पंडिता रमाबाईंचे 'इंग्लंडचा प्रवास' (१८८३) आणि 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) ही नावे फळ्यावर लिहिताना माझा सूर चार देश पाहून आलेल्या बाईचा असतो. प्रत्यक्षात माझ्या पासपोर्टाची पाने अजून कोरी आहेत. गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने भर तासाला विचारले, "मॅडम, तुम्ही कुठे कुठे जाऊन आलात?" मी हंपी आणि कन्याकुमारी अशी दोन नावे घेतली. वर्ग हसला, मीही हसले. घरी आल्यावर मात्र बँकेतली मुदतठेव केव्हा पूर्ण होते ते काढून पाहिले.

इंग्लंडला जायचे ठरले. नवरा अर्थशास्त्राचा प्राध्यापक, मी मराठीची. त्यामुळे एकच देश दोघांनी दोन कारणांसाठी निवडला. त्याला लंडनमधले किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर पाहायचे होते. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थिदशेत तेथे राहत. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. मला जायचे होते यॉर्कशरमधल्या हॉवर्थ या गावी, ब्राँटे भगिनींच्या घरी.

लंडनमध्ये उतरायचे कुठे, हा पहिला प्रश्न. हॉटेलांचे दर रुपयांत करून पाहिले की पडदा मिटून टाकावासा वाटे. मग एका सहकाऱ्याने युक्ती सुचविली. तेथील विद्यापीठांची वसतिगृहे उन्हाळ्याच्या सुटीत रिकामी होतात आणि त्यांतल्या खोल्या प्रवाशांना भाड्याने मिळतात. अडचण एवढीच, की आमची सुटी मे महिन्यातली आणि तेथील विद्यार्थी खोल्या सोडणार जूनमध्ये. शेवटी अर्जित रजा काढून जूनचा अखेरचा आठवडा धरला. ब्लूम्सबरी भागात, ब्रिटिश म्युझियमपासून चालत जाता येईल अशी एक खोली सापडली: दोन अरुंद पलंग, एक टेबल, न्हाणीघर सामाईक. नवरा खूश झाला. ज्या शहरात बाबासाहेबांनी विद्यार्थी म्हणून राहून रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तेथे आपल्याला सामाईक न्हाणीघराची लाज कसली, असे त्याचे म्हणणे. व्हिसा मिळेपर्यंत पैसे गुंतवू नयेत असा तेथील सरकारचाच सल्ला असल्याने रद्द करता येईल अशी नोंदणी केली. मुक्कामाचा प्रश्न असा आठवड्याभरात सुटला.

गाडीचा सुटेना.

लंडनमध्ये गाडी नको, यावर आमचे एकमत होते. शहराच्या मध्यभागी गाडी नेण्यावर २००३ पासून दिवसाचे शुल्क आहे, आणि गाडी उभी करण्याचा खर्च वेगळाच. म्हणून किंग्ज क्रॉसहून रेल्वेने लीड्सला जावे, तेथे दोन दिवसांसाठी गाडी भाड्याने घ्यावी, असा बेत मी मांडला. नवऱ्याला गाडी चालविता येत नाही. म्हणजे चालविणार मी. त्याने नकाशा पाहिला. "अगं, लीड्सहून कीथलीला रेल्वे जाते. कीथलीहून हॉवर्थला बस आहे, वाफेच्या इंजिनाची जुनी गाडीसुद्धा आहे. मग ही गाडी कशाला?"

प्रश्न रास्त होता. 'वदरिंग हाइट्स'शी ज्याचे नाव जोडले जाते ते माळावरचे पडके घर, टॉप विदेन्स, तेथे तर कोणतीच गाडी पोहोचत नाही. पायीच जावे लागते. माझ्याजवळ उत्तर नव्हते. वाटेत वाटेल तेथे थांबता येईल, असे काहीतरी मी म्हणाले. खरे कारण सांगायचे तर कऱ्हाडपासून सुरुवात करावी लागली असती.

वडील एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. त्यांनी कोणाकडून तरी घेतलेली एक जुनी पद्मिनी होती. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. मसूरच्या रस्त्यावर पहाटे त्यांनी मला ती शिकविली. क्लच सोडताना घाई झाली की इंजिन बंद पडे आणि ते खिडकीबाहेर पाहत राहत, एक शब्द बोलत नसत. १९९८ साली साताऱ्याला जाऊन परवाना काढला. २००४ मध्ये लग्न झाले, बँकेत नाव बदलले, पुढे पासपोर्टही सासरच्या नावाने निघाला. वडील २०१६ मध्ये गेले. दोन वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण करताना कारकुनाने विचारले होते, "नाव बदलायचं आहे का?" मी म्हणाले होते, "राहू द्या."

गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या अटी वाचताना ते 'राहू द्या' आडवे आले. भारतातला इंग्रजी परवाना पाहुण्या चालकाला तेथे बारा महिने चालतो. गाड्याही आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात. मात्र परवाना, पासपोर्ट आणि अनामत ज्यातून अडवून ठेवायची ते क्रेडिट कार्ड, या तिन्हींवर चालकाचे एकच नाव हवे. माझ्या कागदांवर जुळत होते ते केवळ पहिले नाव. मधले नाव वेगळे, आडनाव वेगळे. विवाहाचा दाखला सोबत आणला तर चालेल का, असे पत्र पाठविले. नम्र उत्तर आले: नाही.

त्या दिवसांत मी ब्राँटे भगिनींच्या लंडनप्रवासाची हकीकत पुन्हा वाचली. करर, एलिस आणि अ‍ॅक्टन बेल या पुरुषी वाटणाऱ्या नावांनी त्या लिहीत. तिन्ही बेल म्हणजे एकच लेखक, असा प्रवाद उठला आणि त्याचा लाभ घेऊ पाहणाऱ्या एका प्रकाशकामुळे शार्लटचे प्रकाशक अस्वस्थ झाले. तेव्हा जुलै १८४८ मध्ये शार्लट आणि अ‍ॅन वादळी पावसातून कीथलीपर्यंत चालत गेल्या, लीड्सला आल्या आणि रात्रीच्या रेल्वेने लंडनला पोहोचल्या. उतरल्या सेंट पॉल्सजवळच्या चॅप्टर कॉफी हाउसमध्ये. १८४२ साली ब्रसेल्सला जाताना वडिलांबरोबर शार्लट तेथेच उतरली होती. मग कॉर्नहिलवरच्या कचेरीत जाऊन तिने प्रकाशकाच्या हाती त्याचेच पत्र ठेवले, करर बेलच्या नावे आलेले. आपण कोण, याचा तेवढाच पुरावा तिच्यापाशी होता.

हा प्रसंग मी वर्गात अनेकदा सांगितला आहे, लेखिका आणि टोपणनाव या मुद्द्याखाली. त्यातला मुक्कामाचा तपशील मात्र मी नेहमी गाळीत असे. अनोळखी शहरात पाऊल ठेवताना मुलीला वडिलांनी दाखविलेली जागाच आठवावी, हे या वेळी प्रथम दिसले. अर्थात फरकही दिसला. त्यांनी आपली दुसरी नावे स्वतः निवडली होती. माझे दुसरे नाव लग्नाच्या कार्यालयातून माझ्याबरोबर घरी आले. ते हवे का, असे मला कोणी विचारले नाही, आणि मीही नको म्हटले नाही.

"पासपोर्टच बदल ना," नवरा म्हणाला. त्याच्या मनात खोट नव्हती. पण पगारपत्रक, रजेचा आदेश, बँकेचे खाते, विमानाचे तिकीट, सारेच त्या नावावर. एका परवान्यासाठी दहा कागद बदलावे लागले असते. पदव्यांवर वडिलांचे नाव आहेच. पण त्या कपाटात असतात. परवाना सत्तावीस वर्षे माझ्या पर्समध्ये होता.

एप्रिलमध्ये मी नावबदलाचा अर्ज भरला. सोबत विवाहाचा दाखला जोडला. जुन्या परवान्याच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत काढून 'वदरिंग हाइट्स'मध्ये ठेवली, कारण समोर तेच पुस्तक होते. तीन आठवड्यांनी नवा परवाना टपालाने आला. छायाचित्रही नवे; नावाला शोभेलसे, थोरल्या बाईचे.

त्या संध्याकाळी लीड्स स्थानकाजवळची गाडी नोंदविली. चालकाचे नाव या रकान्यात अक्षरे न चुकता टाकली. पुढचा रकाना होता: गिअरची की ऑटोमॅटिक? नवरा मागे उभा होता. म्हणाला, "ऑटोमॅटिक घे. परका मुलुख आहे, थोडे पैसे गेले तरी चालतील."

मी गिअरची घेतली.