गावाबाहेर म्हणजे कुठे?



तो अर्ज मीच लिहिला होता, हे आधी कबूल करतो.

आमचं गाव वणी-घुग्घुसच्या कोळसा पट्ट्यातलं. खाणीतून भरून निघालेले हायवा पूर्वी चावडी, शाळा, मारुतीचं देऊळ असे भर गावातून दिवसरात्र जायचे. शाळा सुटली की मास्तर हात आडवे करून रस्त्यात उभे राहायचे. एक म्हातारी चाकाखाली गेली तेव्हा गाव पेटलं. रास्ता रोको झाला, त्यात आपली पोरं सर्वांत पुढे बसली होती. (अशा वेळी आपल्याला पुढे बसवतातच.) ग्रामसभेनं ठराव घेतला. माझं अक्षर बरं म्हणून कागद माझ्याकडे आला आणि मी लिहिलं, 'जड वाहतूक गावाबाहेरून वळवावी.'

लिहिताना हात थबकला नाही. बाबासाहेब वाचलेला माणूस मी, गावाबाहेर कोण राहतं हे मला कुणी सांगायला हवं होतं का?

आठ महिन्यांत बौद्धवाड्यामागची पांदण रुंद झाली, मुरूम पडला, वर डांबराचा पातळ थर आला आणि सगळ्या गाड्या तिकडून सुरू झाल्या. विहाराची भिंत रस्त्यापासून बारा पावलांवर आहे. दोरीवरचं पांढरं लुगडं संध्याकाळपर्यंत राखी होतं. रात्री फळीवरची भांडी वाजतात. ताडपत्री अर्धीच बांधलेली असते, वळणावर कोळसा सांडतो आणि आपलीच लेकरं तो वेचायला धावतात. तिकडे गावात लोक आता निवांत ओट्यावर बसतात.

रस्त्याच्या नकाशावर जात लिहिलेली नव्हती, हे मला मान्य आहे. सरकारी जागा कुठे आहे, मोबदला कुणाला द्यावा लागणार नाही, कोर्टात कोण जाणार नाही, एवढंच बघितलं गेलं. ते बघत बघत रेघ आपल्या दारात आली. इथे कुणाला आपला द्वेष करावा लागला नाही, आणि म्हणूनच याविरुद्ध बोलणं जास्त अवघड आहे.

सरपंचांकडे गेलो तर ते हसून म्हणाले, "अरे, अर्जावर सही तुझीच आहे ना?" घरी आलो तर माय म्हणाली, "तूच तं लेहून देल्लं बापा, आता कोनाशी भांडतं?"

वस्तीतली अकरा पोरं याच गाड्यांवर ड्रायव्हर आणि क्लीनर आहेत. वाहतूक बंद करा म्हटलं, तर पहिली चूल त्यांची विझते. त्यामुळे सरसकट बंदची घोषणा मी देणार नाही. ज्यांना द्यायची असेल त्यांनी आधी त्या अकरा घरी जाऊन यावं.

पण नियम लावा, हे म्हणायला कुणाच्या बापाची भीती नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेळेत जड वाहनांना मनाई करता येते. 2019 च्या दुरुस्तीपासून जादा वजनाला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000. 2015 च्या दुरुस्तीनं आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात खाणबाधितांसाठीच पैसा जमतो. आणि संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलावांबरोबर रस्ते हा शब्द आहे. सार्वजनिक रस्ता आपल्यालाही वापरता आला पाहिजे. दिवसभर ओलांडता येत नसेल तर तो आपल्या कामाचा नाही.

नवा अर्ज तयार आहे. या वेळी आधी टेप घेऊन मोजलं. कुठलं घर किती फुटांवर, बोअर कुठे, अंगणवाडी कुठे. शाळेच्या वेळेत आणि रात्री दहानंतर गाड्या बंद, पूर्ण ताडपत्री, विहाराच्या दोन्ही बाजूंना गतिरोधक आणि वस्ती व शेतं टाळून खाणीपासून थेट हमरस्त्यापर्यंत कोळशाचा स्वतंत्र रस्ता, एवढ्या मागण्या आहेत. 'गावाबाहेर' हा शब्द कुठेही येऊ दिलेला नाही.

ग्रामसभा 15 ऑगस्टला आहे. सूचक मीच आहे. अनुमोदक मात्र गावातला हवा, म्हणून सध्या रोज संध्याकाळी चावडीवर जाऊन बसतो. दोघांनी अर्ज वाचायला मागून नेलाय.