तटाच्या आतलं पिंगयाओ : लेखांक दुसरा

ताययुआन, गुरुवार रात्र

उद्या पिंगयाओ. बरेच पर्यटक सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. आम्ही मुक्कामच तटाच्या आत धरला आहे, कारण गर्दी ओसरल्यावरचं गाव पाहायचं आहे. वेगवान गाडीचं स्थानक गावाबाहेर पडतं. जुनं स्थानक तटाजवळ, पण तिथे जाणारी गाडी संथ. संथच घेतली.

पिंगयाओ, शुक्रवार

सहा किलोमीटर घेराचा तट, १३७० साली मिंग राजवटीत नव्याने उभारलेला. चीनमधल्या कितीतरी शहरांनी आपले तट पाडले. इथेही पाडापाडी सुरू झाली होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तोंगची विद्यापीठाचे प्राध्यापक र्वान यीसान आडवे उभे राहिले, म्हणून आज हे गाव आहे. १९९७ साली ते जागतिक वारसा यादीत आलं.

दुपार ‘रिशेंगचांग’मध्ये गेली. मूळचा हा रंगाचा धंदा. चांदी घेऊन लांबचा प्रवास करणं जोखमीचं, म्हणून १८२३ साली तिथे हुंडीची पेढी निघाली. महिना, तारीख, रक्कम, सगळं ठरावीक चिनी अक्षरांच्या सांकेतिक लिपीत, आणि तो संकेतही अधूनमधून बदलायचा. पेशवाईतल्या सावकारांच्या हुंड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही वास्तू फार जवळची वाटेल.

जेवायला मुख्य रस्ता सोडून गल्लीत शिरलो. काओलाओलाओ मागवलं. बाई ओटच्या पिठाची सुपारीएवढी गोळी गुळगुळीत फरशीवर ठेवायच्या, तळहाताच्या टाचेने एकाच रेट्यात लांब, पातळ पसरवायच्या, अलगद सोडवून बोटाभोवती गुंडाळायच्या आणि ती नळी वाफेच्या टोपलीत उभी करायच्या. टोपली भरली की थेट मधाचं पोळं. सोबत टोमॅटोचा रस्सा आणि शान्सीचा काळा, जुना व्हिनेगर. तो होतो मुख्यतः ज्वारीपासून! उन्हाळाभर उन्हात मुरवायचा, थंडीत वर धरलेला बर्फ काढून टाकायचा. पाणी उडतं, अर्क उरतो. आंबटपणामागून हलका गोडवा येतो. ज्वारी पिकवणाऱ्या आपल्या मुलखात असं काही का झालं नाही, हा प्रश्न मला जेवण संपेपर्यंत सोडेना.

शनिवार

श्वांगलिन मंदिर, गावाच्या नैऋत्येला सहा किलोमीटर. मातीच्या रंगीत मूर्ती दोन हजारांहून अधिक. धर्मरक्षक देव वेइतुओची कंबरेतून पिळलेली मूर्ती प्रसिद्ध आहे, पण मी थांबलो ते मुक्या अर्हताजवळ. ओठ घट्ट मिटलेले, नजर रोखलेली. सांगायचं खूप आहे आणि वाचा नाही, ते सगळं त्या चेहऱ्यावर दाटलेलं. साध्या मातीतून एवढं काढणाऱ्या हातांना माझा नमस्कार.

संध्याकाळी इथलं प्रसिद्ध खारवलेलं गोमांस सोडलं आणि ‘वानतुओ’ खाल्लं: वाटीत वाफवलेली पिठाची लुसलुशीत चकती, पट्ट्या कापून, लसूण-व्हिनेगर घालून. खूप आवडलं.

उद्या पहाटेच चेनगुओ मंदिर. दहा हजार बुद्धांचा तिथला लाकडी मंडप ९६३ सालचा, तटापेक्षा चार शतकांनी जुना. त्यासाठी अख्खी सकाळ मोकळी ठेवली आहे.

(क्रमशः)