आत कोण येणार?

सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईजवळ तिच्या विश्वासाची एक बाई शेवटपर्यंत राहू शकते, हे मला वहिनीच्या बाळंतपणात लेबर रूमच्या दारात उभं असताना कळलं. केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१६ सालीच तशा सूचना काढल्या आहेत. सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, “आत कोण येणार?” आणि आई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो.

खरं तर वहिनीची आई यायची होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. पण तिचं माहेर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत. २०२१च्या जुलैत तळिये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही डोंगर खाली आले, महाड शहर पाण्यात गेलं. तेव्हापासून बाळंतपणाची तारीख पावसाळ्यातली असली की वाडीच्या आशाताई आधीच सांगतात, “तिला खाली ठेवा.” म्हणून वहिनी महाडात आमच्याकडे होती. कळा सुरू झाल्या त्या रात्री वाडीच्या रस्त्यावर माती आली आणि तिची आई वरच अडकली. भाऊ मुंबईला नोकरीत. माझ्या आईला खोकला, आणि खोकल्या-तापाचं माणूस आत घेत नाहीत. उरले मी. शक्यतो स्वतः कळा सोसलेली बाई असावी, असं त्या सूचनांत म्हटलंय. माझं अजून लग्नही झालेलं नाही.

सिस्टरनी बजावलं: धुतलेले कपडे घाला, मध्येच निघून जायचं नाही, आमच्या कामात हात घालायचा नाही, दुसऱ्या पेशंटकडे जायचं नाही. काय करायचं नाही ते कळलं. करायचं काय, ते विचारायला मला धीर होईना.

कुठे उभं राहायचं इथपासून प्रश्न होता. उशाशी उभी राहिले तर वहिनीला माझा चेहरा दिसेना, पायथ्याशी सिस्टरांचं काम. तिचा हात धरला तर ती म्हणाली, “ताई, हात नका लावू.” मी मागे सरले. पुढची कळ आली तशी तिनेच माझं मनगट पकडलं. बोलावं की गप्प बसावं? “झालं, झालं” म्हणायला तोंड उघडलं आणि वाटलं, झालंय कुठे? मला यातलं काय ठाऊक आहे?

मग सिस्टर बाळाचे ठोके ऐकायला आल्या आणि जाता जाता त्यांनी माझे दोन्ही तळवे वहिनीच्या कमरेखाली, माकडहाडाच्या वर टेकवले. म्हणाल्या, “कळ आली की इथे दाबून धरा. कळ गेली की सोडा. आणि हिला निजवून ठेवू नका, चालवा.” एवढंच शिक्षण. पण त्याने सगळं बदललं. कळ चढताना मी दाबायची, वहिनी खिडकीच्या गजांना धरून लांब श्वास सोडायची. कळ उतरली की घोटभर पाणी. थोड्या थोड्या वेळाने लघवीला न्यायचं, कारण भरलेली पिशवी बाळाच्या वाटेत येते. थकली की डाव्या कुशीवर. गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलंय, असं सिस्टर म्हणाल्या तेव्हा मला वाटलं आता आलंच. ते दहापर्यंत जायचं असतं आणि पहिलटकरणीला त्यात सगळी रात्र जाऊ शकते, हे मला माहीत नव्हतं.

पहाटेच्या सुमाराला ती थरथरायला लागली, उलटी झाली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मला घरी न्या. नाहीतर पोट कापायला सांगा. माझ्याच्यानं होत नाही.” मी घाबरून सिस्टरांकडे धावले. त्या शांतपणे उठल्या. “असं म्हणतात ना, तेव्हा जवळ आलेलं असतं,” म्हणाल्या. तपासलं, तर तोंड जवळजवळ पूर्ण उघडलेलं. जी बाई अनेक बाळंतपणांत बसली आहे तिला हे वाक्य म्हणजे खूण. माझ्यासारखीला तो धोका वाटतो, आणि बाळंत होणारीला तर मरणच. त्या घटकेला जाणतं माणूस शेजारी असणं किती मोलाचं असेल, हे मला तिथे उमगलं.

शेजारच्या टेबलावर दुसरी एक बाई होती, एकटी. तिच्या बरोबरचं माणूस बाहेर बाकावर बसलेलं. आत येता येतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येक कळेला ती माझ्याकडे बघायची. मला जाता येत नव्हतं, नियम होता आणि वहिनीनेही मला सोडलं नसतं. पण ती नजर सहन होईना. मी सिस्टरना हळूच म्हटलं, “त्यांचं कुणी बाहेर आहे का?” त्यांनी आयामावशींना पाठवलं आणि त्या बाईची जाऊ आत आली. जावेने फक्त तिचं डोकं मांडीवर घेतलं. ओरडणं थांबलं नाही, पण त्या ओरडण्यातली भीती गेली. माझ्या कानांनी मी तो फरक ऐकला.

वहिनीला मुलगी झाली. पुसून लगेच तिच्या उघड्या छातीवर ठेवली, नाळेतली धडधड थांबेपर्यंत नाळ कापली नाही, मग वार पडली. तासाभराच्या आत बाळ अंगावर पीत होतं.

घरी आल्यावर मी बाळंतपणातल्या सोबतीविषयी वाचत सुटले. पुण्यामुंबईला हे काम शिकलेल्या बायका पैसे घेऊन करतात. त्यांना डूला म्हणतात. त्या तपासत नाहीत, औषध देत नाहीत, बाळंतपण करत नाहीत. आधीच्या महिन्यांपासून भेटतात, नवऱ्यालाही तयार करतात, आणि त्या वेळी उठून जात नाहीत. ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयात याचा अभ्यास झाला, तो १९८० साली छापून आला. तिथे सोबतीला दिलेल्या बाया अगदी अनोळखी होत्या. तरी सोबत असलेल्या आयांना बाळंत व्हायला सरासरी पावणेनऊ तास लागले, एकट्या असलेल्यांना एकोणीस. पुढे जगभरचे असे २६ अभ्यास एकत्र करून २०१७ साली आढावा निघाला, जवळजवळ १६ हजार बायकांचा. त्यात वेळेतला फरक पाऊण तासाच्याही आत आला. मला हा दुसराच आकडा जास्त भरवशाचा वाटतो. पण सोबत असली की सिझेरियन कमी होतात आणि बाळंतपण आपसूक पार पडण्याची शक्यता वाढते, हे त्यातही टिकलं.

रस्ता मोकळा झाल्यावर वहिनीची आई आली. तिला मी सगळं सांगितलं तर म्हणाली, “आमच्या वेळी सुईण पुढं आन् दोघीजणी पाठीला पाठ लावून मागं.” तेव्हा बाया दगावतही होत्या, हेही तीच म्हणाली, तिची थोरली बहीण रक्त जाऊन गेली. म्हणून जुनं ते परत यावं असं मी म्हणणार नाही. रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन दवाखान्यातच मिळतं. बायका दवाखान्यात आल्या ते योग्यच झालं. पण येताना पाठीला पाठ लावणाऱ्या दोघी दाराबाहेर राहिल्या, आणि त्यांच्या हातात होतं ते ज्ञान माझ्या हातांपर्यंत आलंच नाही. एका धावपळीतल्या सिस्टरने ते मला दिलं, तिच्याकडे वेळ होता म्हणून नव्हे.

आता आशाताईंना मी म्हटलंय की आठव्या महिन्याच्या तपासणीला पोटुशीबरोबर आत जाणारी बाईही बोलवा. तिला कमर कुठे दाबायची ते दाखवा.

भाऊ बाळ झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पोचला होता. बाळ मांडीवर घेऊन त्याने विचारलं, “मी असतो तर मला आत घेतलं असतं?” नियम आहे: आतल्या बायकांचा आडोसा राखला जात असेल तिथे नवराही चालतो. त्या खोलीत दोन टेबलांच्या मध्ये काही नव्हतं. “मग पडदे लावायला कितीसा खर्च येतो गं?” तो म्हणाला. मी चौकशी केली, तर रुग्ण कल्याण समितीकडे अर्ज करा, असं उत्तर मिळालं. अर्ज भावाने आणि मी मिळून लिहिला आहे. खाली वहिनीचीही सही आहे.