फॉक्सटनचा पाण्याचा जिना

लेस्टर येथे धाकट्या दिरांकडे मुक्काम असताना प्रथम ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जिनालयात दर्शन घेतले. जुन्या चर्चच्या वास्तूत १९८८ साली प्रतिष्ठा झालेल्या या मंदिरात श्वेतांबर व दिगंबर, दोन्ही परंपरा एकाच छताखाली नांदतात. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी फॉक्सटन येथे भाड्याची नाव ठरविली होती.

टेकडीवर नाव चढते कशी? १८१४ पासून तेथे दहा लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या पाण्याच्या कोठड्या, पाच-पाचच्या दोन जिन्यांत बांधलेल्या आहेत. नाव आत शिरते, मागचे दार मिटते, पाणी भरते आणि नाव अलगद उचलली जाते. पायरी-पायरीने असे पंचाहत्तर फूट.

सासूबाई मात्र नावेत बसल्या नाहीत. “नुसत्या हौसेपायी एवढ्या अप्कायाची विराधना मला नको,” असे म्हणून त्या काठाने चालू लागल्या.

कोठड्यांच्या बाजूला तळी आहेत आणि झडपा दोन रंगांच्या. आधी तांबडी उघडायची. तळ्यातील पाणी नावेच्या कोठडीत येते. मग पांढरी, वरच्या कोठडीतील पाणी तळ्यात उतरते. क्रम चुकला तर भरलेले तळे काठावरून वाहू लागते. यजमानांचा हात घाईने पांढऱ्या झडपेकडे गेला, तोच तेथील रक्षकाने त्यांना शांतपणे थांबविले. काठावरून सासूबाई हे सारे पाहत होत्या. “म्हणजे पाणी वाया जात नाही ना?” त्यांनी भाऊजींकरवी विचारले. तळ्यांमुळे बचत होते, पण वरचे पाणी अखेर खाली उतरतेच, असे रक्षकाने प्रामाणिकपणे सांगितले.

शेजारच्या उतारावर १९०० साली वाफेच्या यंत्राने, नावांसकट पाण्याच्या टाक्या रुळांवरून वर-खाली नेण्याची सोय झाली होती. तासाभराचे काम बारा मिनिटांत होई. परंतु अपेक्षेइतकी वाहतूक आली नाही आणि बॉयलर तर पेटता ठेवावाच लागे. १९११ मध्ये काम थांबले, १९२८ मध्ये यंत्रसामग्री भंगारात गेली. दुकान चालविणाऱ्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको.

आम्ही वर पोहोचलो तेव्हा सासूबाई बाकावर बसून वाट पाहत होत्या.

“खाली उतरताना पुन्हा तेवढेच पाणी लागेल का गं?”

लागणार होते. उत्तर देणे माझ्या जिवावर आले. मी फराळाचा डबा उघडला.