सांता मोनिका : माणसांनी जपलेली वास्तू

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन जुन्या गोव्याला गेलो. सुरुवात केली ती सेंट कॅजेटन चर्चजवळच्या एका काळ्या दगडी दारापासून. आदिलशाही राजवाड्याची एवढीच निशाणी उरली आहे. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी शहर घेतले. त्यांचे व्हाइसरॉयही पुढे या वाड्यात राहिले. ते निघून गेले, वाडा रिकामा पडला आणि अखेर पाडला गेला.

तिथून आम्ही मोन्ते सांतो टेकडीवर सांता मोनिका कॉन्व्हेंट पाहायला गेलो. आर्चबिशप मेनेझिस यांच्या पुढाकाराने १६०६ मध्ये बांधकाम सुरू झाले, ते १६२७ मध्ये पुरे झाले. १६३६ च्या आगीत इमारत जळाली, पण पुन्हा उभी राहिली. मधे अंगण, भोवती जांभ्या दगडाच्या तीन मजली भिंती आणि त्यांना बाहेरून दिलेले भक्कम धिरे. आशियातील जोगिणींच्या मोठ्या मठांत याची गणना होई.

"आतल्या बायका बाहेर यायच्या का?" आमच्या लेकीने विचारले. नाही, एकदा व्रत घेतले की उरलेली हयात याच भिंतींआड जायची. ऐकून ती गप्प झाली.

समोरच सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा दिसतो. दोन्ही वास्तू एकाच पंथाच्या, एकाच टेकडीवरच्या. १८३४ मध्ये पोर्तुगाल सरकारने मठ बंद करण्याचा हुकूम काढला. पाद्र्यांना मठ सोडावा लागला. १८४२ मध्ये त्यांच्या चर्चचे छत कोसळले, १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. जोगिणींना मात्र हयातभर राहण्याची मुभा मिळाली. नवी मुलगी घ्यायची नाही, एवढी अट. एकेक जण कमी होत गेली. शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली. पन्नास वर्षे त्या बायकांनी तिथे दिवा लावला, केर काढला, गळती बुजवली. पुढे काही काळ सैन्य राहिले. १९६४ पासून तिथे धर्मभगिनींची शिक्षणसंस्था आहे आणि आवारात ख्रिस्ती कलेचे संग्रहालयही आहे.

जी लेक आधी गप्प झाली होती, तीच परतताना म्हणाली, "म्हणजे घर भिंतींनी नाही, माणसांनी टिकतं."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमचे गावचे घर सहा वर्षे कुलूपबंद आहे. भाऊ कुवेतला, आम्ही शहरात. मोहल्ल्यात अशी कितीतरी घरे. ईदला दार उघडायचे, दोन दिवसांनी पुन्हा कुलूप.

घाट चढण्याऐवजी गाडी आम्ही गावाकडे वळवली. माजघरात वाळवी लागली होती, एक वासा खचला होता. भावाला फोन केला. पावसाआधी घर शाकारायचे आणि माजघर मोहल्ल्यातल्या मुलींना संध्याकाळच्या अभ्यासासाठी उघडे ठेवायचे, असे ठरले. किल्ली आता शेजारच्या खालाजानकडे आहे.