गटणेला इंग्रजीत काय म्हणावे?

पु. ल. देशपांडे यांचा सखाराम गटणे इंग्रजीत न्यायचा झाला, तर त्याला 'नर्ड' म्हणावे, 'गीक' म्हणावे की 'डॉर्क'? आमच्या एका स्नेह्यांच्या मते तिन्हींचा अर्थ एकच, बावळट. आम्हांस हे मान्य नाही.

तिघांत 'गीक'चे घराणे सर्वांत जुने. त्याचे मूळ 'गेक', म्हणजे मूर्ख. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मधला फसवला गेलेला माल्व्होलिओ स्वतःसाठी हाच शब्द वापरतो. पुढे अमेरिकेतल्या जत्रांत जिवंत कोंबडीचे मुंडके दातांनी तोडणारा इसम 'गीक' ठरला. तिथून हा शब्द संगणकवाल्यांच्या हाती येऊन प्रतिष्ठित झाला, ही शब्दांच्या दुनियेतली मोठीच बढती म्हणायची! 'नर्ड' १९५० साली डॉ. स्यूसच्या एका बालपुस्तकात काल्पनिक प्राण्याचे नाव म्हणून भेटतो. 'डॉर्क'चे मूळ शिवराळ आहे, ते इथे नको.

आज गीकला विषयाचे वेड असते. नर्डपाशी अभ्यास असतो, पण चार माणसांत मिसळण्याची कला नसते. डॉर्कला विद्येची अटच नाही. त्याचे वागणेच अजागळ. ('अजागळ' म्हणजे शेळीच्या गळ्याशी लोंबणारी, दूध न देणारी आचळे. डॉर्कला याहून जवळचा शब्द आम्हांस सापडलेला नाही.)

गटणे डॉर्क खचितच नव्हे. वाचनाच्या वेडाने तो गीक आणि छापील बोलण्याने नर्ड. पण पुलंच्या हसण्यात जी माया आहे, ती यांपैकी एकाही शब्दात नाही. शिवाय मराठीत 'गटणे' हेच आता सामान्यनाम झाले आहे, आणि ते उच्चारणाऱ्या सर्वांपाशी पुलंची माया असतेच असे नाही. शाळेत आम्हांस याच नावाने हाक मारीत. पुस्तकातले शब्द तोंडी येऊ नयेत म्हणून आम्ही बरीच वर्षे बोलण्याआधी वाक्य मनात मोडून घेत असू.

यंदा आमच्या वर्गातही असा एक विद्यार्थी आहे. पहिल्या महिन्यात तो 'तथापि' म्हणाला, वर्ग हसला, आणि त्यानंतर तो बोलेनासा झाला. परवा या शब्दांना मराठी पर्याय लिहायला सांगितले, तेव्हा त्याने 'गीक'पुढे 'छांदिष्ट' लिहिले आणि 'नर्ड'पुढची जागा कोरी ठेवली.