मारवाडातली बाजरी आणि बांधावरची सौंदड



बाजरीची भाकरी शिकायला कोणी रात्रभर आगगाडीत बसून परमुलखात जाईल, आणि वर त्याचे पैसे मोजील, असे तुम्हांला कोणी सांगितले तर तुम्ही काय म्हणाल? आमच्या पाथर्डी-शेवगावच्या पट्ट्यात मी हे सांगितले तेव्हा पारावरची मंडळी हसली. घरात सांगितले तेव्हा आमच्या सौ. तर जास्तच हसल्या. “तीस वर्षं माझ्या हातची खाताय, ती काय शिकून खाताय?” असे म्हणाल्या, पण पिशवी भरून बरोबर निघाल्या.

निमित्त सरकारी होते. २०२४ च्या डिसेंबरात जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत आमचे चार दिवसांचे प्रशिक्षण होते. ‘काझरी’ या नावाने ती ओळखली जाते. १९५९ सालापासून कमी पावसाच्या शेतीवर तिथे काम चालले आहे. प्रशिक्षण संपल्यावर दोन दिवसांची रजा टाकली, पदरचे पैसे घातले आणि ओसियांची वाट धरली. उंटावरून फेरी आणि मग एका शेतकऱ्याच्या घरी रांधायला शिकणे, असा तो एका दिवसाचा बेत होता. परदेशी पाहुणे यासाठीच तिकडे येतात.

ओसियां हे जोधपूरच्या उत्तरेला सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. सच्चियाय मातेचे देऊळ आणि बाराशे वर्षांपूर्वीची सूर्याची, विष्णूची देवळे यांसाठी ते प्रसिद्ध आहे. देवळे जरूर पाहा, दगडातले काम नजर ठरणार नाही असे आहे. पण मी पडलो शेतीखात्याचा माणूस. माझी नजर गाडीच्या खिडकीतून शेतावरच राहिली. वाटेत मथानिया लागते. तिथल्या लाल मिरचीचा एके काळी देशभर बोलबाला होता. कूपनलिकांनी पाणी खोल गेले, खारे झाले, रोग वाढले, आणि मिरचीचे क्षेत्र आटले. आपल्याकडे उसापायी जे झाले ते तिथे मिरचीपायी झाले म्हणा ना.

पाणी असलेल्या वावरात जिरे आणि मोहरी. पाणी नसलेल्या वावरात बाजरीचा खुंट. आणि प्रत्येक वावरात, अगदी मधोमध सुद्धा, दहा-बारा बोडकी झाडे. फांद्या छाटलेल्या, नुसते सोट उभे. सौ.नी विचारले, “ही वाळली कशानं?” वाळलेली नव्हती. ती खेजडी. थंडीत तिचा पाला छाटून वाळवून ठेवतात, त्याला ‘लूंग’ म्हणतात. उन्हाळ्यात शेळ्यामेंढ्यांचा आणि उंटाचा तोच आधार. पालवी पुन्हा फुटते. खेजडी म्हणजे आपली शमी, आपल्या बोलीतली सौंदड. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे त्याच्यावरून माझी फजिती झाली आहे.

आधी उंट.

वाळूच्या टेकडीला तिकडे ‘धोरा’ म्हणतात. धोऱ्याच्या पायथ्याशी उंटवाला थांबला होता. पन्नाशीचा गडी, डोक्याला रंगीत साफा. “राम राम सा” झाले. उंट बसलेला होता. वाचकहो, उंटावर बसणे सोपे, उंट उठतो तेव्हा बसून राहणे अवघड. तो आधी मागचे पाय उचलतो. त्यामुळे तुम्ही एकदम त्याच्या मानेवर पालथे पडायला जाता. मग पुढचे पाय उचलतो आणि तुम्ही उताणे होता. उंटवाल्याने सांगितले होते, मागे रेला, पुढची खुंटी घट्ट धरा. मी रेललो. सौ. रेलल्या नाहीत आणि “अगं आई गं” म्हणून अशा ओरडल्या, की धोऱ्यावरची शेळ्यांची पोरे पळत आली. साडीवर उंटाला बसणाऱ्या भगिनींनी आतून सलवार घालावी, हा त्यांचा निरोप मी इथे पोचता करतो.

चालताना उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलतो. बैल, म्हैस असे चालत नाहीत. म्हणून अंग डावी-उजवीकडे डुलते आणि तासाभरात कंबर बोलू लागते. पेशव्यांचे सांडणीस्वार शेकडो कोस कसे जात असतील, हा विचार त्या दिवशी प्रथमच माझ्या मनात आला. बैलाला वेसण, तशी उंटाला नाकात लाकडी खुंटी असते आणि तिला दोरी. तुम्ही कधी गेलात तर बसण्याआधी ते नाक पाहा, पाठीवरचे खोगीर उचलायला लावून खाली जखम आहे का पाहा. बैलाच्या खांद्याला आलेली सूज तुम्हांला लांबून कळते, हे तुम्हांला सांगायला नको. जखमी जनावरावर बसू नका. आमच्या उंटाची पाठ स्वच्छ होती.

वर गेल्यावर उंटवाल्याने विडी पेटवली आणि बोलू लागला. त्याच्या आज्याच्या काळी घरात नऊ उंट होते. नांगर उंटाचा, गाडी उंटाची, विहिरीवरची मोट उंटाची. ट्रॅक्टर आला आणि एकेक उंट गेला. आता हा एकच, तोही पाहुण्यांसाठी. सांडणी तेरा महिने गाभण राहते, एकच पिल्लू देते आणि पुढचे पिल्लू दोन वर्षांनी. गाईसारखा वर्षाचा हिशेब इथे बसत नाही. २०१४ साली राजस्थान सरकारने उंटाला राज्याच्या प्राण्याचा मान दिला. २०१५ साली कायदा करून त्याच्या कत्तलीला बंदी घातली आणि राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आणले. हेतू चांगलाच होता. पण बाहेरचे गिऱ्हाईक तुटले, नर उंटाचा भाव पडला आणि पाळणाऱ्याने हात आखडला, अशी उंटपाळांची तक्रार आहे. २०१२ च्या पशुगणनेत राजस्थानात ३ लाख २६ हजार उंट होते, २०१९ च्या गणनेत २ लाख १३ हजार राहिले. खिल्लाराचा जोड दारात असणारी घरे आपल्या गावात किती उरली, ते मी मनातल्या मनात मोजीत होतो. दोन.

धोऱ्यावरून उतरून आम्ही ज्या घरी गेलो तिला ‘ढाणी’ म्हणतात. म्हणजे आपली शेतातली वस्तीच. गावाबाहेर, वावरात, दोन गोल छपराच्या खोल्या, एक सिमेंटची, काट्यांचे कुंपण आणि अंगणात टांका. टांका म्हणजे जमिनीत खोदून आतून गिलावा केलेला हौद. त्याच्या भोवतीची जमीन उताराची आणि झाडून लख्ख ठेवलेली. तिच्यावर पडलेला पाऊस हौदात जातो. त्या जमिनीवर चपला घालून गेलात तर घरची लहान पोर सुद्धा ओरडते. जोधपूरचा पाऊस वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. घरच्या सूनबाईंनी आमच्यासमोर भांडी घासली ती राखेने आणि वाळूने, कोरडी. मग ओंजळभर पाण्याने विसळली आणि ते पाणी शेळीपुढे ठेवले. पाणलोटावर मी आजवर किती भाषणे दिली असतील! एकातही ही गोष्ट नव्हती.

आता चुलीपाशी या.

सूनबाई तिशीच्या, हिंदी बोलणाऱ्या. सासू सत्तरीपुढची, मारवाडीच बोलणारी. सासूबाई बाजेवर बसून सूचना देत होत्या. त्या भाकरीला तिकडे ‘सोगरा’ म्हणतात. पीठ आपल्यासारखेच ताजे दळलेले, कारण बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांत कडू होते, हे त्यांनाही ठाऊक. पण सोगरा परातीत थापत नाहीत. गोळा दोन्ही तळव्यांत धरून टाळी दिल्यासारखा फिरवत मोठा करतात. बोटभर जाड. मातीच्या तव्यावर भाजून मग निखाऱ्याला उभा टेकवतात. वर बोटांनी खड्डे पाडून त्यात तूप.

माझा सोगरा चौथ्या टाळीला चिरला आणि चुलीत पडला. मग सौ. पुढे सरकल्या. परात मागितली, पीठ पसरले आणि थाप थाप करून ताटाएवढी भाकरी थापली. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि ती टम्म फुगली. शेजारच्या दोन बाया कुंपणापाशी बघायला उभ्या राहिल्या. सासूबाईंनी तिचा पापुद्रा उचलून पाहिला आणि काही बोलल्या. सूनबाई हसत म्हणाल्या, “म्हणताहेत, दिसायला छान आहे, पण हा कागद झाला. वावरात जाणाऱ्याला असल्या चार लागतील.” सौ. म्हणाल्या, “सांगा त्यांना, तुमचा एक खाल्ला की माणूस वावरात झोपेल.” तेव्हापासून दोघी एकमेकींची भाषा न कळता बोलत राहिल्या आणि मला तिथे काही काम उरले नाही.

भाजी केली केर-सांगरीची. केर म्हणजे आपल्या माळावरच्या नेपतीची कोवळी फळे. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा. उन्हाळ्याच्या तोंडाला त्या तोडून, उकडून, कडक वाळवून ठेवतात. दोन-तीन वर्षे त्या टिकतात. करायची रीत अशी: वाटीभर सांगरी आणि पाव वाटी केर रात्रभर भिजवायचे. केर ताकात भिजवला तर त्याचा तुरटपणा जातो. सकाळी दोन पाणी बदलून मऊ होईपर्यंत शिजवायचे आणि निथळायचे. तेल आपल्या भाजीपेक्षा जरा सढळ घ्यायचे. त्यात जिरे, अख्ख्या लाल मिरच्या, हिंग. मग हळद, तिखट, धनेपूड, मीठ, शेवटी आमचूर. तेल सुटेपर्यंत मंद आचेवर परतायचे. पाण्याचा थेंब घालायचा नाही, म्हणून ती तीन-चार दिवस खराब होत नाही. शीतळा अष्टमीला मारवाडात चूल पेटवत नाहीत, तेव्हा आदल्या दिवशीची हीच भाजी खातात. सोबत होती काचरी आणि लसणाची चटणी. काचरी म्हणजे बाजरीच्या पिकात आपोआप उगवणारे शेंदाडासारखे लहान आंबट फळ. आणि पिण्यास राब, म्हणजे ताकात बाजरीचे पीठ कालवून मंद शिजवलेली. आपल्या आंबिलीची बहीण म्हणा.

लक्षात घ्या, या ताटात बाजरीखेरीज पेरलेले फारसे काही नाही. सारे बांधावरचे, माळावरचे, पिकातल्या तणातले. पाऊस हुकला तरी येणारे. सासूबाईंनी छपन्निया दुष्काळाची ऐकीव गोष्ट सांगितली. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा तो काळ. तेव्हा सांगरी संपल्यावर माणसांनी खेजडीची साल दळून तिच्या भाकरी केल्या. जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० साली या झाडांना कुऱ्हाड लागू नये म्हणून ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला, ते उगीच नव्हे.

सांगता सांगता सासूबाईंनी सौ.ना विचारले, “तुमच्याकडे खेजडी आहे का?”

मी उत्तर जुळवीत होतो. सौ. बोलून मोकळ्या झाल्या. “होती. सासऱ्यांच्या बांधावर चार होत्या. यांनी तोडायला लावल्या.”

ते खरे आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा नवी बी.एस्सी. अंगात होती. बांधावरच्या झाडाची सावली पिकावर पडते, मुळे अन्न खातात, ट्रॅक्टर वळत नाही, असे मी गावोगाव सांगत असे. लोकांना सांगायचे आणि आपल्या बांधावर झाडे ठेवायची, हे बरे दिसणार नाही म्हणून आधी वडिलांच्या सौंदडी तोडल्या. वडील हो-नाही काही बोलले नाहीत. पुढे ते होते तोवर दर दसऱ्याला पूजेची शमी शेजाऱ्याच्या बांधावरून मागून आणीत. आणि त्याच आठवड्यात काझरीत मी ऐकून आलो होतो, की खेजडीचे मूळ सरळ खोल जाते, पिकाच्या थरातले पाणी फारसे ओढत नाही, ती हवेतले नत्र जमिनीत बांधते, आणि तिच्याखालची बाजरी उघड्यावरच्या बाजरीपेक्षा पुष्कळदा चांगली येते. वहीत लिहून घेतले होते, चार गुणही मिळाले होते. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत. माझ्या ताटात आणखी एक सोगरा टाकला आणि त्यावर तूप ओतले.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. मुंबईहून जोधपूरला थेट रेल्वे आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे, पण रात्री थंडी हाडात शिरते, घोंगडी न्या. उंटाची फेरी दुपार कलल्यावर घ्या. पैशांचे मात्र बघा. आम्ही शहरातल्या दलालामार्फत गेलो. निघताना सूनबाईंना हळूच विचारले, तेव्हा आम्ही मोजलेल्या रकमेतले निम्मेही त्यांच्या हाती येत नाही असे कळले. घरधनिणीशी सरळ बोलता आले तर तसे करा, आणि जेवणाचे पैसे तिच्याच हातात द्या.

निघताना सासूबाईंनी पदराच्या गाठीतून सौ.ना मूठभर पिकल्या शेंगा दिल्या. त्यांना ‘खोखा’ म्हणतात, गोड लागतात, पोरे खातात. त्या खाऊ म्हणून दिल्या, की पेरायला, ते आम्हांला कळले नाही. गाडीत मी एक खाल्ली. बाकीच्या सौ.नी काढून घेतल्या.

मार्चमध्ये त्यांनी बिया कढत पाण्यात टाकून रात्रभर तशाच गार होऊ दिल्या आणि पिशव्यांत लावल्या. वीसातल्या अकरा उगवल्या. २०२५ च्या जुलैत त्या वडिलांच्या बांधावर गेल्या, तिथेच, जिथे जुने खुंट होते. दोन शेळीने खाल्ल्या. उरलेल्या नवांना मी बोरीच्या काट्यांचे कुंपण केले आहे. रोपे अजून वितीएवढीच आहेत. ट्रॅक्टरवाला पोरगा विचारत होता, आता वळायचे कसे? त्याला म्हटले, जरा लांबून वळ.